ओदिलला गिरणीत ऐकू येतं

"गिरणीत हिला टाचणी पडली तरी ऐकू येते, आणि घरात तोफ डागली तरी मान वर होत नाही," असं रोझेर पेल्शा आपल्या बायकोबद्दल उभ्या बिडफर्ड गावाला सांगत असे.

सांगताना तो हसायचा, म्हणून ऐकणारेही हसायचे. पहिली काही वर्षं ती नुसती चेष्टा होती. पुढे चेष्टेतलं हसू आटलं आणि आरोप तेवढा उरला. नवऱ्याने बायकोवर केलेला आरोप क्वेबेकहून आलेल्या आमच्या फ्रेंच वस्तीत किती लवकर पसरतो हे सांगायला नको. रविवारची प्रार्थना, मिसा, संपली की चर्चच्या पायऱ्यांवर बायका एकमेकींना कोपराने ढोसत म्हणायच्या, "ओदिलला नवऱ्याचं तेवढं ऐकू येत नाही. शहाणी आहे!"

वाईट हे की रोझेरचं म्हणणं अक्षरशः खरं होतं.

ओदिल नदीकाठच्या गिरणीत विणाई खात्यात चादरींच्या मागांवर होती. तिथे शेकडो माग एकदम चालायचे, धोटे इकडून तिकडे आपटायचे, आणि लाकडी जमीन अशी थरथरायची की संध्याकाळी घरी गेल्यावरही तळपायांना मुंग्या असायच्या. नवी मुलगी कामाला आली की पहिल्या दिवशी डबा खाताना हमखास रडायची. मुरलेल्या बायका मात्र त्या कल्लोळात खुशाल गप्पा मारायच्या. तोंडाची मोठमोठी हालचाल, हातवारे, भुवया, आणि अगदीच अडलं तर बेंबीच्या देठापासून आरोळी. कोणाच्या सुनेचं काय चाललंय, पाद्रीबुवांच्या स्वयंपाकीण बाईने काय केलं, सगळं तिथेच कळायचं. त्यात ओदिल सगळ्यांच्या पुढे. ती ओठ वाचायची ते तर सगळ्याच वाचायच्या; पण तिला ऐकूही यायचं. फोरमनने दोन मागांपलीकडून हाक मारली की सगळ्यांच्या आधी हिची मान वळायची. रोझेर त्याच खात्यात बिघडलेले माग दुरुस्त करायचा. हत्यारांची पेटी घेऊन तो मागांमधून हिंडायचा आणि आपली बायको शेजारणींशी खिदळताना, हाकेला ओ देताना रोज डोळ्यांनी बघायचा.

हीच बाई घरी आली की बहिरी.

सुरुवात झाली ती धाकट्या मुलीच्या जन्मानंतर. आधी भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक गेली. ओदिलला वाटलं, घड्याळ जुनं झालंय. मग किटली उकळल्याचं कळेनासं झालं, मग मुलींची अंथरुणातली कुजबुज. तिला काही आपले कान गेलेत असं वाटलं नाही. कसं वाटेल? दिवसभर गिरणीत तर सगळं ऐकू येत होतं! तिला वाटलं, घरातली माणसंच पुटपुटायला लागली आहेत. मुली वयात आल्या की पुटपुटतातच. आणि नवरा पुटपुटायला लागला म्हणजे त्याला आता बोलायचा कंटाळा आला, एवढाच अर्थ तिने काढला.

त्यात आणखी एक गंमत, म्हटली तर गंमत. तिला स्वतःचा आवाज डोक्यात घुमल्यासारखा मोठा ऐकू यायचा, म्हणून ती दबकत बोलायची. वर्षागणिक आवाज खाली खाली गेला. मुली घरात होत्या तोवर एकाचं बोलणं दुसऱ्याला पोचवणारं कोणी तरी होतं. मोठी लग्न होऊन शेजारच्या राज्यातल्या मँचेस्टरला गेली, धाकटी क्वेबेकच्या मठात नन झाली, आणि मग त्या घरात दोन माणसं, एक मांजर आणि रेडिओवरची जपमाळ एवढंच उरलं. "काय?" असं ओदिलने विचारलं की रोझेरच्या कपाळावर आठी चढायची. ती आठी बघण्यापेक्षा न विचारलेलं बरं, असं तिने ठरवून टाकलं. ती विचारेना, तो सांगेना.

कन्फेशनला, म्हणजे पापांची कबुली द्यायला, जाणं तिला नको वाटायचं. जाळीपलीकडून म्हातारे पाद्री काय प्रायश्चित्त सांगतात ते तिला ओ का ठो कळायचं नाही. उगाच कमी पडायला नको म्हणून ती अख्खी जपमाळ म्हणून मोकळी व्हायची. ओदिल एवढा वेळ गुडघ्यांवर बसते म्हणजे हिने केलंय तरी काय, म्हणून पुन्हा पायऱ्यांवर चर्चा.

मग त्या हिवाळ्यात गिरणीवाल्यांनी जाहीर केलं की विणाई खातं बंद होणार. माग दक्षिणेत जायचे होते, माणसं नव्हती जायची. सगळ्यांची पळापळ सुरू झाली. रोझेरला त्याच्या जुन्या सोबत्याने कनेक्टिकटला बोलावलं. तिथे विमानांची इंजिनं बनवणारा मोठा कारखाना होता आणि हाताला जाण असलेली माणसं त्यांना हवी होती. ही बातमी ओदिलला गिरणीतच कळली, साहजिकच. पण तो आपल्याला घेऊन जाणार की कसं, हे मागांवर कोणाला विचारायचं?

ते तिला सांगितलं झर्मेनने. झर्मेन ही रोझेरची थोरली बहीण. तिचा आवाज असा की ती शेजाऱ्यांशी बोलली तरी पलीकडच्या गल्लीतली कुत्री उठून उभी राहायची. त्यामुळे घरात बसून जिचं बोलणं ओदिलला नीट कळे असं ते एकच माणूस. ती आली, कोट न काढताच खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "तू नाही म्हणालीस म्हणे."

"कशाला?"

"कशाला काय! कनेक्टिकटला जायला. माझ्याकडे येऊन बसला होता तोंड पाडून. म्हणे, शनिवारी मी तिला विचारलं, येशील ना माझ्याबरोबर म्हणून. ती तूर्तियेरचं पीठ लाटत होती. लाटतच राहिली. मान वळवूनसुद्धा बघितलं नाही."

ओदिलने शनिवार आठवून पाहिला. शनिवारी ती ओट्याशी होती खरी. पाईत भरायचं मांस परतून ठेवलं होतं, पारी लाटायची राहिली होती, दाराकडे पाठ होती. तो आत आला तेही तिला कळलं नव्हतं.

"मला ऐकू नाही आलं गं, झर्मेन."

"ते मला कळतंय. त्या बैलाला कोण समजावणार? ईस्टर झाला की निघतोय. खोलीही बघून ठेवली आहे, एकट्या माणसापुरती."

आमच्या चर्चमध्ये घटस्फोट नाही. पण कामासाठी म्हणून परगावी गेलेला आणि नंतर नाताळलाही न उगवलेला नवरा दर गल्लीत एखादा होताच. त्यांच्या बायकांना ना कोणी विधवा म्हणायचं, ना सवाष्णीचा मान द्यायचं. त्या मिसेला मागच्या बाकावर बसायच्या. ओदिलला त्या सगळ्या नावानिशी ठाऊक होत्या.

रविवारी सकाळी रोझेर मोरीशी दाढी करत होता. ओदिल त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. रात्रभर जुळवलेलं बोलणं तिने तिच्या त्या दबक्या आवाजात एका दमात म्हणून टाकलं. "तू विचारलंस ते मला कळलंच नाही रे. कळलं असतं तर हो म्हटलं असतं. मला नेशील ना?"

रोझेरने आरशात तिच्याकडे पाहिलं. वस्तरा थांबला. "काय?"

"मला ऐकू आलं नव्हतं," ती जरा जोरात म्हणाली.

"गिरणीत येतं," रोझेर म्हणाला. "या दोन डोळ्यांनी रोज बघतो मी." त्याने तोंड पुसलं, टोपी उचलली आणि चर्चला जायला निघाला. नेशील ना, याचं उत्तर त्याने दिलं नाही. ओदिलला ते पुरेसं उत्तर वाटलं. तिला मनापासून राग आला, आणि रागाच्या खाली भीती वाटली. आपण खोटं बोलत नाही हे या माणसाला पटलं नाही तर तो जाणार, आणि पटवायचं कसं हे तिला कळत नव्हतं, कारण त्याच्याकडे पुरावा होता आणि तिच्याकडे काही नव्हतं.

झर्मेनने मात्र हात-पाय गाळले नाहीत. तिच्या ओळखीच्या एका ननने बॉस्टनच्या डॉ. मोरिसेटचं नाव सांगितलं होतं. हे डॉक्टर मूळचे मँचेस्टरच्या गिरणगावातले, आपल्यातलेच, फ्रेंच बोलणारे. कानाचं काही नवीन ऑपरेशन करतात म्हणत. झर्मेनने ओदिलला बसमध्ये घातलं आणि स्वतः शेजारी बसली. वाटभर तिने बसमधल्या सगळ्यांना ओदिलच्या कानांची कथा ऐकवली.

डॉक्टर लहानखुरे, बारीक आवाजाचे. पण त्यांनी खुर्ची ओढून ओदिलच्या समोर घेतली, चेहरा उजेडाकडे ठेवला आणि सावकाश बोलले. त्यांनी पोलादी नादकाटा वाजवून तिच्या कानासमोर धरला. काही नाही. तोच कानामागच्या हाडावर टेकवला, तर घंटेसारखा आवाज डोक्यात शिरला आणि ओदिल दचकली. डॉक्टरांनी पुन्हा समोर धरला, पुन्हा टेकवला. मग नादकाटा खाली ठेवून त्यांनी विचारलं, "बाई, मला एक सांगा. भोवती गोंगाट असला की तुम्हाला उलट जास्त चांगलं ऐकू येतं का?"

ओदिलने गर्रकन झर्मेनकडे पाहिलं. "तू सांगितलंस यांना?"

"मी कशाला सांगू? मी तोंड तरी उघडलंय का आल्यापासून?" झर्मेन म्हणाली, आणि नवलाची गोष्ट म्हणजे ते खरं होतं.

"कोणी सांगायला लागत नाही," डॉक्टर म्हणाले. "हा आजारच तसा आहे. कानात एक इवलंसं हाड असतं, घोड्याच्या रिकिबीच्या आकाराचं. आवाज आला की ते हलायला पाहिजे. तुमचं गच्च बसलंय, त्यामुळे बाहेरचा आवाज आत जात नाही. गोंगाटात काय होतं, बाकीच्यांचे कान त्या गोंगाटानेच भरून जातात, म्हणून ती माणसं ओरडून बोलतात. तुमच्यापर्यंत गोंगाट निम्माशिम्मा पोचतो आणि त्यांची ओरड तेवढी पोचते. माझ्याकडे गिरणीतल्या पुष्कळ बायका येतात. गिरणीत ऐकू येतं आणि घरी येत नाही, असंच सगळ्या सांगतात."

सगळ्या सांगतात! ओदिल तिथे, त्या परक्या माणसासमोर, टोपीची पिन हातात धरून हमसाहमशी रडली. इतकी वर्षं ती स्वतःच स्वतःवर संशय घेत आली होती. आपल्याला खरंच रोझेरचं ऐकायचं नसेल का, मनातून आपणच दार लावून घेतलं असेल का, असं तिने जाळीपलीकडच्या पाद्रींनाही विचारलं होतं, आणि त्यांनी काय उत्तर दिलं ते अर्थातच तिला ऐकू आलं नव्हतं.

ऑपरेशनचं डॉक्टरांनी काही लपवलं नाही. ते गच्च बसलेलं हाड काढायचं, त्याच्या जागी बारीक तार बसवायची. एका वेळी एकच कान. बहुतेकांना ऐकू येतं. थोड्यांचा मात्र तो कान होता तेवढाही जातो, कायमचा. आणि बरं झालं तरी पुन्हा मागांवर काम करायचं नाही, तसला आवाज त्या कानाला सोसायचा नाही. झर्मेनचा चेहरा उतरला. "विचार कर गं," ती म्हणाली. "घरी नाही तर नाही, निदान बाहेर कुठे तरी ऐकू येतंय. तेही गेलं म्हणजे?"

"रोझेर गेला म्हणजे मी बाहेर ऐकून काय करू?" ओदिल म्हणाली.

ऑपरेशन जागेपणी झालं. कानाजवळ सुया टोचल्या, तोंडावर हिरवं फडकं टाकलं आणि परिचारिकेने तिचा हात हातात घेतला. हलायचं नाही, शिंकायचं नाही. डॉक्टरांनी कानाचा पडदा कोपऱ्यातून उचलून बाजूला केला. तिला दुखलं नाही, पण आत काही तरी खरवडल्याचं कळत होतं, आणि जिभेच्या एका कडेला तांब्याची चव आली. मनातल्या मनात ती जपमाळ म्हणत होती, आणि एकदा सगळी खोलीच गरगरा फिरली तेव्हा मध्येच विसरली. मग तो क्षण आला. आधी तिला कळेना की हे काय आहे. एक घसघस आवाज, वर जाणारा, खाली येणारा, अगदी जवळून. तो परिचारिकेचा श्वास होता. ताटलीत चिमटा ठेवल्याचा टणत्कार तिला इतका कर्कश वाटला की तिने डोळे मिटून घेतले. तेवढ्यात कोणी तरी हलकेच म्हणालं, "मॅडम पेल्शा, आज बाहेर पाऊस आहे."

"हो का?" ओदिल म्हणाली, आणि आपण काय ऐकलं हे कळल्यावर फडक्याखाली तिच्या डोळ्यांतून पाणी सरळ कानांकडे वाहू लागलं. डॉक्टर घाईघाईने म्हणाले, "रडू नका बाई, आत्ता नको, मला सगळं कोरडं पाहिजे."

पण कानात औषधाचा बोळा भरला आणि सगळं पुन्हा मंद झालं. घरी आल्यावर कित्येक दिवस तिला भिंत धरून चालावं लागलं. झर्मेन रोज वाटाण्याचं सूप घेऊन यायची. रोझेर हत्यारं एकेक करून तेलाने पुसायचा आणि ट्रंकेत ठेवायचा. त्याने तिला उशी आणून दिली, चुलीत लाकूड घातलं, जिना उतरताना खांदा दिला. विचारलं मात्र काही नाही. ओदिल त्या ट्रंकेकडे बघत पडून राहायची. ऐकू आलं होतं ते खरं, की त्या सुयांची गुंगी, हेही तिला आता सांगता येईना.

बोळा काढायला पुन्हा बॉस्टनला जायचं होतं. ईस्टरच्या आधीचा पवित्र सप्ताह सुरू झाला होता, झर्मेन चर्चच्या गायनात अडकली, आणि रोझेर म्हणाला, "मी नेतो." ओदिलला आनंद झाला. डॉक्टर स्वतः त्याला सांगतील. तिने सांगायची गरजच उरणार नाही. अख्ख्या वाटेत ती हाच प्रसंग मनात रंगवत होती: डॉक्टर बोलताहेत, रोझेरचा चेहरा बदलतोय, तो टोपी हातात फिरवतोय.

बोळा निघाला. पहिला आवाज आला तो कागदाचा. मग खिडकीखालचा वाफेचा पाइप खदखदताना ऐकू आला. मग तिच्याच स्कर्टचा सळसळाट, आणि खाली रस्त्यावर एक पोर दुसऱ्याला शिव्या देत होतं तेसुद्धा, शब्दन् शब्द. ओदिल आपल्या दोन्ही हातांनी तोंड झाकून हसत होती. डॉक्टरही खूश झाले. ते कोपऱ्यातल्या बेसिनशी हात धुवायला गेले आणि नळ सोडून, पाठमोरेच, आपल्या त्या बारीक आवाजात रोझेरशी बोलू लागले.

"मिस्टर पेल्शा, तुमच्या पत्नीने तुम्हाला सांगितलंच असेल. गिरणीत ऐकू यायचं, घरी यायचं नाही. हे ढोंग नसतं. आजाराची खूणच ती आहे. पुष्कळ नवरे गैरसमज करून घेतात. यांनी फार सोसलंय, इतकी वर्षं."

ओदिलने रोझेरकडे पाहिलं. रोझेर हसत होता.

हसून त्याने मान डोलावली आणि म्हणाला, "हो, हो. बरोबर आहे."

डॉक्टरांनी वळून पाहिलं. टॉवेल त्यांच्या हातातच राहिला. ओदिलला एकदम शिसारी आली, हा माणूस या गोष्टीवर हसतो! आणि दुसऱ्याच क्षणी ती थिजली. कारण ते हसू तिच्या ओळखीचं होतं. नको तिथे आलेलं, जरा उशिरा आलेलं, समोरच्याच्या तोंडाकडे बघत वाट पाहणारं. "हो, हो" म्हणून वेळ मारून नेणं. हे सगळं ती स्वतः वर्षानुवर्षं करत आली होती. चर्चच्या पायऱ्यांवर, शेजाऱ्यांच्या जेवणात, कन्फेशनच्या जाळीशी. नळाच्या आवाजात पाठमोरा माणूस काय बोलला ते रोझेरला ऐकूच आलं नव्हतं.

त्याला कधीपासून ऐकू येत नव्हतं? माग बिघडला की रोझेर त्याच्यावर नुसता तळवा ठेवून दोष सांगतो, म्हणून सगळं खातं त्याचं कौतुक करायचं. तळवा ठेवायचा, कारण कान काही सांगत नव्हते! आणि तिचा तो दबका आवाज. मोरीशी उभी राहून ती "नेशील ना" म्हणाली होती, त्याच्या पाठीला. त्याने उत्तर दिलं नव्हतं, आणि तिनेही आपल्या मनाने उत्तर ठरवून टाकलं होतं, त्याने ठरवलं होतं तसंच. ओदिलला हसावं की डोकं आपटून घ्यावं कळेना.

निघताना रोझेर कोट घ्यायला पुढे गेला तेव्हा ती डॉक्टरांना म्हणाली, "यांचेही कान तपासाल?"

डॉक्टरांनी त्याच्या पाठीकडे पाहिलं. "विणाई खात्यात किती वर्षं?"

"पोरवयापासून."

त्यांनी मान हलवली. "तपासतो, पाहिजे तर. पण ती मागांनी खाल्लेली नस असते बाई. तिथे माझी तार चालत नाही." हे ते रोझेरपासून दोन हातांच्या अंतरावर बोलत होते. रोझेर कोटाची बटणं लावत राहिला.

परतीच्या रस्त्याला हॅम्प्टनजवळ दोन्ही बाजूंना खाऱ्या पाण्याची दलदल लागते. पाऊस थांबला होता. गाडीची खिडकी खडखडत होती, पायाशी काही तरी गुणगुणत होतं, आणि ओदिलला ते सगळं ऐकू येत होतं. रोझेरने रस्त्यावरची नजर न काढता विचारलं, "काय म्हणाला डॉक्टर?"

"गाडी बाजूला घे," ती म्हणाली. आपलाच आवाज तिला आता लांबून, लहान ऐकू आला. तिने तो वाढवला. "बाजूला घे गाडी!"

रोझेरने दचकून ब्रेक लावला. "ओरडतेस काय?"

ओरडतेस! हा शब्द त्याने तिच्यासाठी जन्मात पहिल्यांदा वापरला असेल. ओदिल त्याच्याकडे वळून बसली. डॉक्टर काय म्हणाले ते सगळं तिला तोंडपाठ होतं. ढोंग नसतं. आजाराची खूणच ती. नवरे गैरसमज करून घेतात. एवढी वर्षं ती या वाक्यांसाठी तडफडली होती, आणि आता ती तिच्या जिभेवर होती. पण समोर बसलेल्या त्या माणसाच्या कपाळावर घाम होता. तो तिच्या ओठांकडे डोळे लावून बसला होता, आता काय विचारलं जाईल आणि आपल्याला उत्तर देता येईल का, या भीतीने. ती भीती तिच्याइतकी जगात कोणाला ठाऊक होती? तिला त्याची इतकी दया आली, आणि इतकं प्रेम वाटलं, की ती वाक्यं तिने गिळून टाकली.

"तू मला विचारलं होतंस," ती म्हणाली. "मी पीठ लाटत होते तेव्हा. मी येणार आहे तुझ्याबरोबर. कनेक्टिकटला. मोठी खोली बघ."

त्याच वेळी शेजारून एक अजस्र ट्रक धडधडत गेला. रोझेर हसला, मान डोलावून "हो, हो" म्हणाला, आणि हात गिअरकडे नेला.

ओदिलने किल्ली फिरवून गाडी बंद केली. तिने त्याची हनुवटी धरली आणि चेहरा आपल्याकडे वळवला, तापलेल्या पोराचा वळवावा तसा. "तुला ऐकू आलं नाही, रोझेर."

"आलं की."

"नाही आलं. मी काय म्हणाले सांग."

 त्याची नजर तिच्या चेहऱ्यावरून काचेकडे, काचेवरून दलदलीकडे गेली. तिने हनुवटी सोडली नाही. "तिथे कळलं तर मला घेणार नाहीत कारखान्यात," शेवटी तो म्हणाला. "कोणाला सांगू नकोस. झर्मेनला तर नाहीच."

"झर्मेनचं तुला ऐकू येतं ना?"

"तिचं बहिऱ्यालाही येतं," रोझेर म्हणाला, आणि मग आपण काय बोलून गेलो ते त्याचं त्यालाच कळलं. तो रडायला लागला. बावीस वर्षं त्यांचा संसार झाला होता आणि तिने त्याला असं रडताना कधी पाहिलं नव्हतं. "तू शेवटी शेवटी बोलायचीच बंद झालीस," तो म्हणत होता. "मला वाटलं, आता हिला माझ्याशी बोलायचंच नाही. नुसते ओठ हलायचे तुझे. विचारायचं तरी किती वेळा माणसाने?"

"लागेल तितक्या वेळा."

त्याने बाहीने डोळे पुसले. टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि उजवा कान, त्यातल्या त्यात बरा असलेला, तिच्याकडे केला. फोरमनपुढे, पाद्रींपुढे, स्वतःच्या मुलींपुढे जे या माणसाने कधी म्हटलं नव्हतं ते तो तिला म्हणाला.

"ऐकू नाही आलं, ओदिल. परत सांग."